चेतकचा प्लग, आजचं पेट्रोल आणि ‘मूळ’ असण्याचा प्रश्न

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा आणि कार्बोरेटरचा काय संबंध? आपल्या शहरात तो आहे. एका बाजूला वाळूज. तिथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीची भाषा घराघरांत शिरली. दुसऱ्या बाजूला नागसेनवन. तिथलं मिलिंद महाविद्यालय १९५० साली बाबासाहेबांनी स्थापन केलं. ही दोन्ही नावं राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातून आलेली. त्या संवादात नागसेन राजाला त्याच्या रथाबद्दल विचारतात: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी निघतं ते असं, की ‘रथ’ हे नाव या सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं आहे.

जुनी चेतक पुन्हा उभी करताना आपल्यापुढे हाच प्रश्न येतो. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेली ही दोन-स्ट्रोक स्कूटर. हौशी माणूस म्हणतो, सगळं मूळचं हवं. मूळचा कार्बोरेटर, मूळचा जेट, पुस्तिकेत लिहिलाय तोच प्लग. अमेरिकेत साठच्या दशकातल्या मसल कार उभ्या करणारेही असंच म्हणतात. पण या जुळणीतला एक भाग आता मूळचा मिळतच नाही. तो म्हणजे पेट्रोल.

आपल्याकडे २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याची काळजी चार-स्ट्रोक गाड्यांना होती, कारण शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचा. चेतकच्या इंजिनात तसे व्हॉल्व्हच नाहीत, म्हणून तिला फरक पडला नाही. इथेनॉलचं तसं नाही. फेब्रुवारी २०२३ पासून पंपावर ई-२० येऊ लागलं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. हा बदल मात्र चेतकच्या थेट पोटात जातो.

कसा, ते बघू. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता सात-आठ टक्के जास्त इंधन हवं. नव्या गाडीत सेन्सर आणि संगणक ते सांभाळून घेतात. चेतकच्या जेटला डोळे नाहीत. त्याच्या छिद्रातून जेवढं जातं तेवढंच जातं. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. दोन-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे जेट अपुरा पडला की तेलही कमीच पोचतं. पुढे चढावर, भर उन्हात, पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन बसतं. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. हे नुसतं खर्चाचं काम नाही, जिवाशी गाठ आहे.

आता प्लग. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांमध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी आणि तेल जळून जात नाही. त्यावर गेलं की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागतं. उष्णता लवकर बाहेर टाकतो तो ‘थंड’ प्लग, धरून ठेवतो तो ‘गरम’ प्लग. इथे आकड्यांचा घोळ आहे. एनजीकेमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड. बॉशच्या आजच्या पद्धतीत आकडा मोठा तर प्लग गरम. आणि जुन्या पुस्तिकांमध्ये बॉश-मायकोचा जुना क्रमांक सापडतो, त्यात पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. जुना १७५ म्हणजे आजचा ७, जुना २२५ म्हणजे आजचा ५. नुसता आकडा घेऊन दुकानात गेलं तर उलटा प्लग हातात पडू शकतो. चुडीची लांबीही बघायची. लांब चुडीचा प्लग आखूड जागेत बसवला तर पिस्टनवर आपटू शकतो.

पण खरी गल्लत याच्या पुढची. इंजिन तापतंय म्हणून थंड प्लग टाकला, तर थंड होतं ते प्लगचं टोक. पिस्टन तसाच तापत राहतो. उलट, प्लग सारखा काळा आणि ओला होतो म्हणून गरम प्लग टाकला, तर जास्त तेलाचं किंवा अडकलेल्या चोकचं दुखणं झाकलं जातं. प्लग हा साक्षीदार आहे, औषध नव्हे.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. आधी रबर. जुन्या नळ्या, पेट्रोलच्या चावीचे वॉशर आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. गळकी नळी आणि तापलेला सायलेन्सर शेजारी नकोत, म्हणून हे सगळं इथेनॉल चालणारं बसवावं. क्रँकचा ऑइल सील चिरला तर आत फुकटची हवा शिरते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. मग टाकी. इथेनॉल जुना चिकटा सोडवतं आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी धुऊन गाळणी लावावी. त्यानंतर जेट. त्याच्यावरचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो, आणि प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून सात-आठ टक्के इंधन वाढवायला १०० च्या जागी १०४-१०५ पुरतो. १०८ लागत नाही. सगळ्यात शेवटी पुस्तिकेतल्याच उष्णतेचा प्लग लावून तो वाचावा: चहाच्या रंगाचा म्हणजे ठीक, पांढराफटक म्हणजे अजून पातळ. ई-२० वर रंग थोडा फिकाच येतो, हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. चावी तळाचं ओढते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट बिनतेलाचा मिळतो.

आता कोणी म्हणेल, जेट बदलला, नळ्या बदलल्या, मग गाडी मूळची कुठे राहिली? नागसेनांचा प्रश्न इथे कामाला येतो. १०० आकड्याचा पितळी तुकडा म्हणजे चेतक नव्हे. हवा, इंधन, तेल आणि ठिणगी यांचं जे प्रमाण तिच्या कर्त्यांनी बसवलं होतं, त्यावर ती चालायची. पेट्रोल बदललं तेव्हाच ते प्रमाण मोडलं. जेट बदलून आपण ते परत आणतो. जुना जेट काढल्यावर डबीत जपून ठेवावा, त्यावर तारीख लिहावी. गाडी मात्र आजच्या पेट्रोलवर नीट चालली पाहिजे.

आता आपण प्रश्न घेऊ या.