आधी सायलेन्सर, मग कानस

होटगी रस्त्यालगतच्या गॅरेजात अकरालाच पत्रा तापलाय. बाकड्यावर ५८ सीसीची चिनी बनावटीची लाकूड कापायची मशीन सुटी होऊन पडलीय. इथं तिला सगळे ‘कटर’च म्हणतात. मालक टॉवेलनं मान पुसत उभा आहे. वेडी बाभूळ तोडून कोळसा पाडणाऱ्यांना तो कटर भाड्यानं देतो.

“मिस्त्री, जाड खोडात घातली की मरायलीय. जोर वाढवून द्या.”

मिस्त्री इंजिनाला हातही लावत नाही. आधी सायलेन्सर उचलतो, त्याचं तोंड उजेडाकडे धरतो. करंगळीसुद्धा जाणार नाही एवढं भोक. “हिचं नाकच दाबलंय,” म्हणतो आणि ड्रिल लावतो. अशा टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, झाकतो, उघडतो. जळलेला वायू वेळेवर बाहेर पडला नाही, तर ताज्या मिश्रणाला आत जागा कुठली?

मग सिलिंडरखालचं पॅकिंग. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सरकवून तो चाक हातानं फिरवतो आणि चेपलेलं टोक व्हर्नियरमध्ये धरतो: १.१ मिलिमीटर. पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरचं. ते काढून नुसतं सीलंट लावलं तर मधे ०.६ उरतात, दाब वाढतो, पिस्टनही वर लागत नाही. “अर्ध्याच्या खाली मी जात नाही,” मिस्त्री म्हणतो. मला हा माणूस इथंच पटतो.

पोऱ्या मात्र कानस घेऊन तयारच. “उस्ताद, एक्झॉस्ट वर चढवू का?”

ही खोड आरएक्स १००ची. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या त्या यामाहानं, ९८ सीसीत ११ अश्वशक्ती देणाऱ्या त्या गाडीनं, गावोगावी पोर्ट घासणारे हात तयार केले. मिस्त्रीचाही हात त्याच गाडीवर बसलाय. पण तो पोऱ्याच्या हातातली कानस काढून घेतो. “वर चढवलं की फेरे वाढतात, खालची ओढ जाते. हिला काय शर्यतीत पळायचंय? खोडात दाबल्यावर ओढली पाहिजे.” तो भोक फक्त रुंद करतो, तेही जरासंच. जास्त रुंद झालं तर रिंग त्यात फुगून अडकेल. कानस आतून बाहेरच्या दिशेलाच चालते, नाहीतर सिलिंडरचा मुलामा उचकटेल. शेवटी कडा पॉलिश पेपरनं मोडतो.

जोडणी होते. लिटरला ४० मिली टू-टी तेल घातलेलं पेट्रोल टाकीत जातं. दोरी ओढताच मशीन उठते, आवाज आधीपेक्षा बराच मोठा. (शेजारचा टायरवाला कन्नडात काहीतरी म्हणतो, कौतुक नसावं.) पूर्ण रेसला आवाज चिरका, ताणलेला येतो. मालक खूश, मिस्त्री नाही. “चिरकली म्हणजे उपाशी आहे.” सायलेन्सर मोकळा झाल्यावर हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं, आणि इथं तेल पेट्रोलातूनच मिळतं, म्हणजे पिस्टन कोरडा पडून जाम व्हायचा. तो कार्बोरेटरचा ‘एच’ स्क्रू थोडा सोडतो. आता रिकामी पळताना मशीन जरा अडखळत, जाड आवाज काढते. दारातल्या चिंचेच्या ओंडक्यात पाती शिरते, तसा आवाज स्वच्छ होतो. भुसा आमच्या चपलांवर उडतो. मालक मुद्दाम भार देतो. साखळी थांबत नाही.

“गड्ड्याच्या यात्रेला याल तेव्हा मशीन घेऊन या,” मिस्त्री हात पुसत म्हणतो. “थंडीत हवा दाट असते. हाच स्क्रू तेव्हा कमी पडंल.”

“त्याचे परत पैसे?”

“स्क्रूचे नाहीत. नाही आलात, तर पिस्टनचे घेईन.”