दुधाला दृष्ट लागते... उजेडाची!

दूध नासतं ते बॅक्टेरियामुळे, एवढं आपण शाळेतच शिकलो. पण बॅक्टेरिया वाढलेले नसताना, फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवलेलं दूधही बिघडू शकतं. ते बिघडवतो उजेड! पॉलिमरच्या अभ्यासात हे कळल्यापासून मी दुकानातल्या प्रत्येक पाकिटाकडे संशयाने बघते.

यातला खलनायक दुधातच बसलेला असतो. दह्यावर पिवळसर-हिरवट पाणी सुटतं ना? तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ व्हिटॅमिनचा. ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा दुधात विरघळलेल्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. हा पिसाळलेला ऑक्सिजन, पुस्तकी नाव सिंगलेट ऑक्सिजन, मग प्रथिनांवर आणि फॅटवर तुटून पडतो. प्रथिनातल्या मिथिओनिनपासून मिथिओनल तयार होतं, त्याला उकडलेल्या बटाट्यासारखा वास येतो. पुढे फॅटचं ऑक्सिडेशन झालं की पुठ्ठा चघळल्यासारखी चव. (ऑक्सिडेशनला रूममेटने ‘ऑक्सिडीकरण’ असा भारदस्त शब्द सुचवला होता, पण कॉन्व्हेंटवालीच्या जिभेला तो झेपेना.) या भानगडीत रायबोफ्लेविन स्वतःही खलास होतं. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना बी-२ चा मोठा वाटा दूध-दह्यातूनच मिळतो, म्हणजे प्रश्न नुसता चवीचा नाही.

खोटं वाटत असेल तर करून बघा. एकाच पिशवीतलं दूध दोन पारदर्शक बाटल्यांत भरा, एकीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि दोन्ही गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास उन्हात ठेवा. मग फ्रीजमध्ये गार करून कुणालातरी डोळे मिटून प्यायला द्या. आमच्या विंगमध्ये उघड्या बाटलीतलं दूध तिघींनी एका घोटात ओळखलं. चौथीला सर्दी झाली होती.

आता प्लास्टिककडे येऊ. पुष्कळांना वाटतं की अल्ट्राव्हायोलेट अडवलं की काम झालं. पाण्याच्या बाटलीचं साधं पारदर्शक पीईटी साधारण ३२० नॅनोमीटरखालचा अल्ट्राव्हायोलेट अडवतंच. पण निळा प्रकाश त्यातून आरपार जातो. दुकानाच्या काचेच्या फ्रीजमधल्या पांढऱ्या एलईडीचा निळा भाग नेमका ४५० च्या आसपास सर्वांत जोरात असतो. अगदी रायबोफ्लेविनचं ताट वाढून ठेवल्यासारखं! म्हणून दुधाच्या पॅकिंगने डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवायला हवा.

दुधाची पिशवी पांढरी दिसते ती दुधामुळे नव्हे. रिकामी पिशवी धुऊन बघा, तरी पांढरीच! पॉलिथिनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळलेली असते. हिचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, पॉलिथिनचा सुमारे १.५. एवढ्या फरकामुळे प्रकाश कणाकणावर आपटून उलटा फिरतो. पण फिल्म पातळ, त्यामुळे थोडा आत येतोच. दोन दिवसांत संपणाऱ्या दुधाला ते चालतं. महिनोन्‌महिने टिकवायच्या दुधाच्या काही पिशव्या म्हणूनच आतून काळ्या असतात. तो थर कार्बन ब्लॅकचा, तो प्रकाश गिळूनच टाकतो. बाहेर पांढरा थर, कारण काळ्या पिशवीतलं दूध कोण घेणार?

चिप्सच्या पाकिटाची युक्ती वेगळी. प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात, थर जेमतेम काही दशक नॅनोमीटर. पाकीट फाडून एकच पदर दिव्यासमोर धरा, दिवा अंधुक दिसेल. साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी प्रकाश पार होतो. टेट्रापॅकमधली फॉइल ६-७ मायक्रॉनची, म्हणजे शेकडो पट जाड, तिथे काहीच पार होत नाही.

तेलाचीही हीच कथा, फक्त तिथे रायबोफ्लेविनऐवजी उरलंसुरलं क्लोरोफिल असतं. तेलातल्या लिनोलिक आम्लाशी सिंगलेट ऑक्सिजन साध्या ऑक्सिजनपेक्षा हजारपटीहून जास्त वेगाने भिडतो. आजीचा पत्र्याचा डबा आणि चिनी मातीची बरणी या बाबतीत आपल्या पारदर्शक बाटलीच्या पुढे होती. पण गिऱ्हाइकाला तेलाचा सोनेरी रंग दिसला पाहिजे ना! माझ्या मते हा निव्वळ विक्रीचा हट्ट आहे.

मग सगळंच काळं नाहीतर चंदेरी का करत नाहीत? भंगारवाल्याला विचारा. दुधाची धुतलेली पिशवी तो घेतो, चिप्सचं पाकीट घेत नाही, कारण चिकटवलेले थर वेगळे करणं परवडत नाही. कार्बन ब्लॅकचं प्लास्टिक तर रिसायकलिंगच्या इन्फ्रारेड यंत्राला ओळखताच येत नाही, आणि पांढरं पीईटी पारदर्शक पीईटीत मिसळलं की सगळा माल गढूळ होतो. यातली मला आवडलेली तडजोड म्हणजे पारदर्शक बाटलीवर पूर्ण उंचीचं अपारदर्शक आवरण, श्रिंक स्लीव्ह. पिताना दुधाला सावली, आणि प्यायल्यावर स्लीव्ह फाडली की बाटली पुन्हा पारदर्शक. फक्त ती फाडायची कुणी, यावर आमच्या विंगमध्ये अजून एकमत नाही.