अक्षरमालेचीं दोन मापें

संगणकाची आज्ञावली लिहून झाली कीं काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ती परक्या यंत्रावर चालावी म्हणून तिचें गाठोडें, म्हणजे पॅकेज, बांधणाराला एक प्रश्न आधीं सोडवावा लागतो: कंपायलर कोणता, आणि त्याच्या जोडीला स्टँडर्ड लायब्ररी कोणती? कंपायलर माणसानें लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरवितो. लायब्ररींत नेहमीं लागणारीं कामें तयार करून ठेवलेलीं असतात. दोघांचीं मापें जुळलीं पाहिजेत.

तीं न जुळल्यास काय होतें, हें २०१५ सालीं दिसून आलें. अक्षरमालेची एकच प्रत ठेवून ती अनेकांनीं वांटून वापरावी, ही जुनी युक्ति सी-प्लस-प्लस भाषेच्या २०११ च्या प्रमाणग्रंथानें निषिद्ध ठरविली. त्यास अनुसरून एप्रिल २०१५ मध्यें निघालेल्या जीसीसी ५ या कंपायलरच्या लायब्ररींत अक्षरमालेची नवी रचना आली. ६४ बिटांच्या यंत्रावर जुनी अक्षरमाला ८ बाइट जागा घेई. नवी ३२ घेते, आणि १५ बाइटांपर्यंतचा मजकूर तिच्या पोटांतच मावतो. (यूटीएफ-८ पद्धतींत ‘मुंबई’ नेमकी मावते, ‘नागपूर’ला बाहेर बिऱ्हाड शोधावें लागतें!)

आतां एक भाग ८ बाइट धरून बांधलेला व दुसरा ३२ धरून, असें झालें तर? कर्त्यांनीं दूरदृष्टीनें नव्या रचनेच्या नांवांत निराळी खूण घातली आहे. त्यामुळें जोडणीच्या वेळींच ‘असें नांव सांपडत नाहीं’ अशी तक्रार बहुधा येते. ती उपकारकच समजावी. खरा घात निराळ्या ठिकाणीं होतो. अक्षरमाला एकाद्या मोठ्या संरचनेच्या आंत दडली असेल, तर त्या संरचनेच्या नांवाला खूण लागत नाहीं. जोडणी बिनबोभाट पार पडते, आणि चालत्या कामांत माहिती भलत्याच जागीं लिहिली जाते.

डेबियन प्रणालीच्या मंडळींनीं त्याच वर्षीं अशा लायब्रऱ्या नव्यानें बांधून पॅकेजांच्या नांवांच्या शेवटीं ‘व्ही५’ हें शेपूट जोडलें. कष्ट फार, पण मार्ग तोच बरा. नव्या कंपायलरला जुनी रचना वापरावयास सांगतां येतें खरें. मात्र एकमेकांशीं अक्षरमालांची देवघेव करणाऱ्या सर्व भागांना तें सारखेंच सांगितलें पाहिजे.

राहिला वयाचा प्रश्न. नवी लायब्ररी सहसा जुन्या पॅकेजाला सांभाळून घेते. नव्या लायब्ररीवर बांधलेलें पॅकेज मात्र जुन्या यंत्रावर अडतें. म्हणूनच पायथन भाषेच्या मंडळींनीं २०१६ मध्यें ‘मेनीलिनक्स-१’ हा संकेत ठरवितांना बांधणीसाठीं सेंटओएस ५ ही २००७ सालची प्रणाली मुद्दाम पत्करली.