खिंडीत गाठणे आणि खिंड लढवणे

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की विरोधकांनी सरकारला 'खिंडीत गाठले' अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत हमखास येतात आणि त्या वाचताना सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर ना डोंगर येतो, ना झाडी, ना तलवार. प्रश्न टाळताही येऊ नये आणि त्याला धड उत्तरही देता येऊ नये अशा अडचणीत समोरच्याला आणले, एवढाच बोध त्याला होतो. शब्दांचा सुटा अर्थ मागे पडून रूढीने निराळाच अर्थ पक्का झालेल्या अशा शब्दसमूहाला वाक्प्रचार म्हणतात. असे अनेक वाक्प्रचार रणभूमीवरून बोलीत आले आणि बोलीतून सभागृहात गेले. 'खिंड' या शब्दाभोवती मात्र एक नव्हे, दोन वाक्प्रचार रूढ झाले असून त्यांचा प्रवास एकमेकांहून फार वेगळा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल.

या भागात घाट आणि खिंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणातून देशावर चढणारी वाट म्हणजे घाट, मग ती खोपोलीहून खंडाळ्याला जाणारा बोरघाट असो, नाहीतर कर्जत तालुक्यातील खांडसहून भीमाशंकरला चढणारे गणेश घाट आणि शिडी घाट असोत. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद फट, जिच्या दोन्ही अंगांना उंचवटा असतो आणि जिच्यातून जाणाऱ्याला पुढे किंवा मागे या दोनच दिशा उरतात. घाटात माणूस दमतो, खिंडीत तो अडकतो. 'गाठणे' हे क्रियापदही नेमके आहे, कारण त्यात नुसते सापडणे नसून पाठलाग करून किंवा वेळ साधून पोहोचणे आहे. कर्जतहून मुंबईला नोकरीसाठी जाणारा माणूस पहाटेची लोकल 'गाठतो' तेव्हाही वेळ साधण्याचाच भाव त्यात असतो. खिंडीत गाठण्यात म्हणूनच गाठणाऱ्याची आखणी गृहीत असते, आणि 'खिंडीत सापडला' व 'खिंडीत गाठला' ही दोन वाक्ये एकाच प्रसंगाविषयी असली तरी पहिल्यात दैव बोलते आणि दुसऱ्यात डाव.

हा डाव प्रत्यक्षात कसा असतो, हे खालापूर तालुक्यातच, खोपोली-पाली रस्त्यापासून आत असलेल्या चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१च्या आरंभी दिसले. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने उत्तर कोकणातील शिवाजी महाराजांचा मुलूख घेण्यासाठी कारतलबखान या सरदाराला पाठवले, आणि खानाने नेहमीची बोरघाटाची वाट सोडून लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरण्याचे ठरवले. तोफा, बाजारबुणगे आणि ओझ्याची जनावरे सोबत घेऊन निघालेली मोठी फौज अशा उतारावर आली की तिची फौज राहत नाही, तिची ओळ होते. पुढच्यांवर काय गुदरले हे मागच्यांना कळत नाही आणि मागच्यांनी रेटा दिल्यामुळे पुढच्यांना थांबता येत नाही. महाराजांनी ही ओळ पुरती दाट रानात शिरेपर्यंत तिला अडवले नाही, आणि ती शिरल्यावर दोन्ही तोंडे बंद करून उंचावरून मारा सुरू केला. खानाबरोबर माहूरची देशमुखीण रायबागन होती, आणि तिनेच त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला, सामानसुमान आणि खंडणी देऊन वाट मागितली, आणि महाराजांनी ती दिली.

या लढाईचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात सविस्तर आले असून ते काव्य स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रकाशात आणले. 'खिंडीत गाठणे' हा वाक्प्रचार याच लढाईतून जन्मला असे म्हणायला आधार नाही, कारण खिंडीत शत्रूला अडवण्याची रीत डोंगराळ मुलखात फार जुनी आहे. उंबरखिंडीचे महत्त्व निराळे आहे. खिंडीत गाठण्याचा हेतू सरसकट कत्तल हा नसून समोरच्याला आपल्या अटींवर बोलायला लावणे हा असू शकतो, हे येथे स्वच्छ दिसते. सभागृहात मंत्र्याला खिंडीत गाठणारा आमदारही शेवटी आश्वासन, चौकशी किंवा माघार यांपैकी काहीतरी पदरात पाडून वाट मोकळी करतो, तेव्हा रक्त वगळले तर या वाक्प्रचाराचा गाभा साडेतीनशेहून अधिक वर्षांत जागचा हललेला नाही, असेच म्हणावे लागते.

'खिंड लढवणे' याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. त्यामागचा प्रसंग उंबरखिंडीच्या आधी काही महिने, १३ जुलै १६६० रोजी घडला. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून महाराज विशाळगडाकडे निघाले असता बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत पाठलागावरील फौज रोखून धरली आणि महाराज गडावर पोहोचेपर्यंत ती रोखताना प्राण दिले. तीच खिंड पुढे पावनखिंड झाली. येथे खिंडीत उभा असलेला माणूस फसलेला नाही, तो स्वतःहून तेथे थांबलेला आहे, आणि त्याचे यश शत्रूला हरवण्यात नसून दुसऱ्यासाठी वेळ मिळवण्यात आहे. शब्द एकच असला तरी एका वाक्प्रचारात खिंडीतला माणूस बळी ठरतो आणि दुसऱ्यात वीर. आजच्या वापरात मात्र साहेब रजेवर असताना कार्यालय सांभाळणारा कारकून खिंड लढवतो, भराभर विकेट पडत असताना एक बाजू लावून धरणारा फलंदाज खिंड लढवतो, आणि घरी पाहुणे असताना स्वयंपाकघरात एकटी राबणारी गृहिणीही खिंड लढवते. एकटेपणा आणि चिकाटी उरली आहे. परत न येण्याची तयारी, जी या शब्दांचा प्राण होती, ती सुटली आहे. भाषेने असे करणे हा गुन्हा नव्हे, पण येथे झालेली घट मोठी आहे आणि ती लक्षात असलेली बरी.

अर्थ असा का सरकतो, याचे उत्तर भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मूळ अर्थ वाक्यात बसेनासा झाला की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, या शब्दशक्तीला 'लक्षणा' म्हणतात, आणि अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात तिला दोन कारणे सांगितली: रूढी किंवा प्रयोजन. प्रयोजन म्हणजे बोलणाऱ्याला त्या वळणातून काही अधिक सुचवायचे असते. रूढीत तसे काही उरत नाही, केवळ वहिवाट असते. 'कुशल' या शब्दाचा मूळ अर्थ कुश नावाचे धारदार गवत हात न कापता तोडणारा असा सांगितला जातो, पण कोणाला कुशल कारागीर म्हणताना गवताची आठवण कोणालाच होत नाही. मम्मटाने रूढीचे उदाहरण म्हणून दिलेला शब्द हाच.

रूढी कोठवर जाऊ शकते याचा नमुना इंग्रजीत आहे, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती, जेथे मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, काही काम नसताना पडून राहत. उन्हाने, आजाराने आणि कंटाळ्याने त्यांच्यातल्या काहींच्या वागण्यात जो विक्षिप्तपणा येई, त्याला शिपायांच्या बोलीत 'डूलाली टॅप' असे नाव पडले. 'डूलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात या प्रकाराविषयी लिहिले आहे. पुढे 'टॅप' गळाला, नुसते 'डूलाली' राहिले, आणि एका छावणीतल्या विशिष्ट यातनेचे नाव असलेला हा शब्द कोणत्याही चक्रमपणासाठी हसत वापरला जाऊ लागला. आज तो वापरणाऱ्या अनेकांना आपण एका गावाचे नाव घेत आहोत याचा पत्ताही नसतो.

मराठीतील 'कात्रजचा घाट दाखवणे' त्या मानाने सुदैवी म्हणायचा. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातल्यानंतर महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या दिशेने सोडले आणि पाठलाग करणाऱ्यांना भलतीकडे धाडले, ही परंपरेने चालत आलेली कथा अजून सर्वांना ठाऊक असल्याने, हूल देणे हा मूळ अर्थ फार पातळ झालेला नाही.

खिंडीच्या दोन्ही वाक्प्रचारांचे भवितव्य मात्र बोलणारा कोठे राहतो यावर अवलंबून आहे. मुंबईच्या सपाटीवर वाढलेल्या मराठी माणसासाठी 'खिंडीत गाठणे' ही पुरती रूढ लक्षणा झाली आहे, कारण खिंड त्याने बहुधा सहलीत किंवा चित्रातच पाहिलेली असते. चावणीच्या आसपास गुरे घेऊन डोंगरात जाणाऱ्या माणसाला खिंड म्हणजे नेमकी कोणती जागा आणि तिच्यातून दोन जनावरे शेजारी चालू शकतात की नाही हे पायांनी माहीत असते, आणि म्हणून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अमक्याने तमक्याला खिंडीत गाठले असे तो म्हणतो, तेव्हा मम्मटाच्या भाषेत त्या बोलण्याला प्रयोजन असते.