न दुखणारा पाय

‘साखर रक्तात वाढली, मग पाय कशाला तपासायचे?’ मधुमेह झालेल्या घरांतून हा प्रश्न नेहमी येतो. पाय दुखत नसेल तर तो आणखीच रास्त वाटतो. पण त्याचं उत्तर मिळालं ते कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात, तेही आपल्या देशात. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आज सविस्तर सांगतो.

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद. जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप कुजून झडतात, असं तेव्हा डॉक्टरही मानत. एकदा कोठीचं गंजलेलं कुलूप ब्रँडना काही केल्या उघडेना. एका किडकिडीत रुग्ण मुलाने किल्ली घेतली आणि झटक्यात फिरवली. ब्रँड चकित झाले, तोच जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचं बोट हाडापर्यंत चिरलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता! त्याच्या हातात बळ अधिक नव्हतं, ‘आता थांब’ म्हणणारी वेदना तेवढी नव्हती.

मग ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. कुणी तापलेलं भांडं उघड्या हाताने उचललेलं असे, कुणाच्या चपलेतून खिळा वर आलेला असे. रात्री झोपेत उंदरांनी बोटं कुरतडल्याचंही निघालं. मांस चांगलंच होतं, मेले होते ते मज्जातंतू.

मधुमेहातही हेच घडतं. वर्षानुवर्षं चढलेली साखर सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी गाठते, म्हणजे पायांच्या. धडधाकट माणूस तळव्याच्या एका जागी रग लागली की नकळत भार दुसरीकडे टाकतो, थोडा लंगडतो. बधिर पाय मात्र त्याच जागेवर पाऊल टाकत राहतो. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने प्रयोग केले. एकदा दिला तर काहीच बिघडत नाही, असा बेताचा दाब रोज हजारो वेळा दिला की तळव्याला सूज येते आणि शेवटी कातडी फुटते.

म्हणून पायांची हेळसांड होते ती निव्वळ आळसामुळे, असं मला वाटत नाही. दुखेल तेच दाखवायचं, ही सवय आपल्याला शरीरानेच लावली आहे. लांबच्या वाटेवर बैल जुंपण्याआधी शेतकरी खूर उचलून पत्र्या बघतो, कारण बैल काही सांगणार नसतो. बधिर पायही तसाच मुका. पण तो आपलाच असल्यामुळे, काही झालं तर कळेलच, या भरवशावर आपण राहतो. मग खडा टोचलेला कळत नाही, देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजलेले कळत नाहीत, कुरूप घरीच ब्लेडने कापताना आत गेलेला घावही कळत नाही.

बधिरपणा ओळखायला नायलॉनचा एक तंतू पुरतो. तळव्यावर टेकवल्यावर तो १० ग्रॅम भाराला वाकतो. डोळे मिटलेल्या माणसाला तो स्पर्श कळला नाही, तर संरक्षक संवेदना गेली असं धरतात. ही मर्यादा पक्की करणारं बर्क आणि सिम्स यांचं कारव्हिलमधलं काम १९८६ मध्ये छापलं गेलं ते ‘लेप्रसी रिव्ह्यू’मध्ये. कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबर वापरण्यामागे दाब पसरवण्याचा जो विचार होता, तोच आज मधुमेहींच्या खास पादत्राणांत आहे. हे ऋण कुणी फारसं बोलून दाखवत नाही, आणि मला त्यात कुष्ठरोगाविषयीची जुनी शिवाशीवच दिसते.

२०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या अंदाजाप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. पायांच्या निगेचं वेगळं शिक्षण घेतलेले लोक मात्र आपल्याकडे फार थोडे. म्हणून नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांचा सहभाग असलेला ‘स्टेप बाय स्टेप’ प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो. भारतात आणि टांझानियात त्यांनी एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशा जोड्यांना पाय तपासायला आणि जखमा सांभाळायला शिकवलं. तालुक्याच्या दवाखान्यात अशी एक जोडी असली, तर मोजे उतरवून तळवा बघायला आणि तंतू टेकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.