पेट्रोल भरल्यावर गाडी चालू होत नाही?

नाहूर-भांडुप परिसरात टुरिस्ट गाडीवर घर चालविणारी अनेक कुटुंबे आहेत. गाडी एरवी झटकन चालू होते, फक्त पेट्रोल भरल्यावरच कुरकुरते, तर बॅटरी-स्टार्टर बदलण्याची घाई करू नये. टाकीतील वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते. पर्ज व्हॉल्व्ह ती इंजिनात सोडतो. तो उघडा अडकला, तर पेट्रोल भरताना वाफ इंजिनात शिरते व मिश्रणात पेट्रोल जास्त होते. मेकॅनिकने थंड इंजिन चालू करून व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडील नळी काढावी. तेथे बोट ओढले गेले, तर बहुधा व्हॉल्व्ह अडकला आहे, तो बदलावा. पंपाचा नोझल आपोआप थांबल्यावर आणखी पेट्रोल भरू नये. ते कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा खराब करते. कष्टाचा पैसा नको त्या पार्टवर जाऊ देऊ नका.