गोळा फेकायचा की ढकलायचा?

श्रोतेहो, नांदेड-लातूरकडच्या शाळांतून मुले गोळा पुष्कळदा चेंडूसारखा भिरकावतात. आपणही म्हणतो 'गोळाफेक'! पण नियमाने तो मानेशी धरून, खांद्याजवळून ढकलावा लागतो. जोर उठतो पायांतून, कंबरेच्या पिळातून खांद्यात येतो. हाताचे काम अगदी शेवटी. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा हातही रिकामा नसतो बरं का. तो आधी छाती उघडतो, मग अंगाशी आखडून देह आवरतो.

सांगली जिल्ह्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांचा नेमका हाच हात शाळेच्या वयात सायकलवरून पडून कायमचा अधू झाला. तरी जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत त्यांनी २०२३ साली पॅरिसला आणि २०२४ साली कोबेला सुवर्णपदक मिळविले. कोबेला अंतर होते १६.३० मीटर. त्याच वर्षी पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर टाकूनही रौप्यच, कारण कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्टचे १६.३८. चार बोटांचाही फरक नाही!

शिक्षकांनी खुंटी ठोकून एक मीटर पावणेसात सेंटिमीटर दोरीने वर्तुळ आखावे. गोळा पडल्यावर मुलाने मागच्या अर्ध्यातूनच बाहेर यावे. पुढून पाय पडला की ती फेक बाद.